रेषेबाहेर

"वाकवा आता," क्लबचा डॉक्टर म्हणाला.

गुडघा निम्म्यावरच अडला. डॉक्टरनं पुन्हा जोर लावला नाही. हात पुसत त्यानं विचारलं, "मुलंबाळं?"

"एक मुलगी. अकरा वर्षांची."

"तिच्याबरोबर फिरायला जाण्याइतका गुडघा शिल्लक आहे. खेळण्याइतका नाही."

चौदा वर्षं, चार देश, सात क्लब. फुटबॉलमधला डाव्या बाजूचा बचावपटू. कुणाचा पाय मोडला की याला बोलावणं यायचं, आणि त्याचा पाय बरा झाला की याची बॅग भरलेली. चार भाषांत त्याला 'मागे बघ', 'बॉल सोड' एवढं ओरडता यायचं; सुखदुःखाचं बोलायला एकही पुरत नव्हती. वर्षातून पंधरा दिवस घरी. दर खेपेला मुलगी वीतभर वाढलेली असायची.

या वेळी तो कायमचा आला. दार मुलीनंच उघडलं.

"या ना, बसा. आई येईलच एवढ्यात." तिनं पाणी आणून दिलं, पंखा लावला आणि आत ओरडली, "ए मामा, माझे बूट कुठे ठेवलेस तू?"

मामा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. शाळा, दवाखाना, सराव, सगळं त्यानंच पाहिलं होतं.

संध्याकाळी भांडी पुसता पुसता बायको म्हणाली, "तिला जरा वेळ दे."

"माझ्यावर चिडलीये का?"

"चिडली असती तर बरं झालं असतं रे." तिनं कपाट लावलं. "तापात माणूस खरं बोलतं. ती मामाला हाका मारते."



रविवारी मुलीचा सामना होता. तीही डावीकडेच खेळायची. अर्धं पाऊल मागे राहा, समोरच्याच्या पायाकडे नको, कमरेकडे बघ. सांगण्यासारखं कितीतरी त्याच्या ओठांवर आलं होतं. पण पलीकडून मामा सूचना देत होता आणि ती मान डोलवत होती.

"तुमची कुठली?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

त्यानं बोट दाखवलं.

"अय्या, तिचे बाबा ते पलीकडचे ना?"

"ते मामा. मी बाहेर होतो."

तेवढ्यात चेंडू घरंगळत त्याच्याच पायाशी आला. पायानं उचलायची चौदा वर्षांची सवय. गुडघा नको म्हणाला. कण्हत, वाकून त्यानं तो हातांनी उचलला, शर्टाला चिखल पुसला. ती धावत आली. धापा टाकत, मैदानावरची नजर न काढता तिनं हात पुढे केले.

"थँक्यू, काका."

आणि तिनं चेंडू आत फेकला. लांब, अचूक.

तिचं काही चुकलं नव्हतं. खेळताना नजर मैदानावरच हवी. हेच तर तो तिला सांगणार होता.

शेजारच्या बाईंनी ऐकलं होतं. त्या दुसरीकडे बघू लागल्या. तो नियमाप्रमाणे रेषेपासून दोन पावलं मागे सरकला आणि टाळ्या वाजवू लागला.