मुआयन्याचे अकरा रोगी

निजामाच्या राज्यात फसली १३३१ साली मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, हैदराबादहून साहेब येणार असं कळलं, तेव्हा आमच्या दवाखान्यात एकही रोगी नव्हता. डॉक्टर रजेवर, म्हणून सगळं माझ्या, म्हणजे कंपाउंडरच्या गळ्यात. रोगी नाहीत तर दवाखाना कशाला, असं सरकार विचारणार. मी गावात फिरून अकरा धडधाकट माणसं खाटांवर झोपायला गोळा केली. आणि इथंच माती खाल्ली. बोलावताना मी मान पाहिला.

आमच्याकडं पोळ्याला बैलसुद्धा मानाच्या क्रमानं निघतात, मग खाटा कशा सुटतील? खिडकीजवळची पहिली खाट तात्याबा पाटलांची, दुसरी हरिबा चौगुल्याची. पाटलांना ताप लिहिला तर ते उठून बसले.

"चौगुल्याला कावीळ आन मला निस्ता ताप? कावून?"

शेवटी त्यांच्या नावावर कावीळ, निमोनिया आणि संग्रहणी असे तीन रोग चढवले, तेव्हा पाटील समाधानानं आडवे झाले.

केसरबाई हा तमाशा बघत उभी होती. हैदराबादच्या इस्पितळात शिकून आलेली नर्स, नवरा वारलेला, सहा वर्षं नोकरी कच्चीच. आज साहेबांनी कायम केलं तर ठीक, नाहीतर पाटोद्याला दिराच्या घरी चुलीमागं जन्म काढायचा. पण तिला त्याचं काही नाही!

"शहादेवा, रोगी म्हणून झोपलेत न्हवं? मग मी रोग्यासारखंच वागवनार," असं म्हणून तिनं अकराही जणांच्या नाड्या पाहिल्या, जिभा बाहेर काढायला लावल्या. पाटलांच्या तिन्ही रोगांना मिळून एक वाटी पेज दिली. घरून आलेली पुरणपोळी परत पाठवली. बाईचा मला राग यायचा तो असल्याच गोष्टींमुळं.

दहाच्या सुमाराला लिंबागणेशकडून बैलगाडी आली. आत छबुबाई, दोन दिवसांपासून अडलेली, आणि तिची म्हातारी सासू. खाट एकही मोकळी नाही. मुआयना होईपर्यंत गाडीतच राहू द्या, असं मी म्हणालो. हो, मीच म्हणालो. केसरबाई सरळ पाटलांपाशी गेली.

"पाटील, उठा."

"ही मानाची खाट हाय, बाई."

"तिच्या पोटात कळा हायेत. तुमच्या काय हाय?"

तीन रोगांचा धनी खाटेवरून उतरला. छबुबाईला खाटेवर घेतलं. आता इथं बाळंतपण होणार, सुवेर, म्हणजे बाळंतपणाचा विटाळ, लागणार, हे ध्यानात येताच उरलेले दहा जण धोतरं सावरत जे पळाले, ते पाटलांच्याही आधी गावात पोचले.

साहेब आले तेव्हा आत नुकतंच जन्मलेलं पोर रडत होतं. बाळंतिणीपाशी पुरुषानं जायचं नाही, म्हणून साहेब व्हरांड्यातच बसले. केसरबाईला कायम करण्याचा हुकूम तयार होता. त्यावर फक्त तिची सही हवी होती, आणि मुदत त्याच दिवसाची. पण ती बाहेर येईना. बाळामागची वार पडली होती, तरी रक्त थांबत नव्हतं. ती छबुबाईच्या पोटावर हात दाबून बसली होती.

"हात काढला की रक्त सुटतंय. साहेबान्ला म्हनावं, थांबा."

मग कागद आत पाठवा, असं साहेब म्हणाले. त्यांचे पेशकार, म्हणजे कारकून, सुंदरराव दचकले. सुवेरात गेलेल्या कागदाला ते दहा दिवस शिवणार नव्हते. कागदाला अंघोळ घालून चालत नाही का, असं साहेबांनी गंभीरपणे विचारलं.

"चालतं, हुजूर," सुंदररावही तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "पण शाई जाती."

मी कागद आणि टाक घेऊन उंबऱ्याशी उभा होतो. ती चार पावलांवर. आत जाऊन सही घेतली असती आणि कागद मीच साहेबांच्या हातात दिला असता, तर काम झालं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण गाव काय म्हणेल, या धाकानं मी हललो नाही. आजही लाज वाटते.

साहेबांना पुढचं गाव गाठायचं होतं. त्यांनी सुंदररावांना शेरा लिहायला सांगितला: नर्स बोलावल्यावर हजर झाली नाही, तिला कामाची शिस्त नाही. मग यादीतले अकरा रोगी कुठं आहेत, असं मला विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "बरे झाले, हुजूर."

दुसरा शेरा झाला: कंपाउंडर शहादेव याच्या देखरेखीखाली अकरा रोगी, त्यांतला एक तीन रोगांचा, एका सकाळीत बरे होऊन चालत घरी गेले. याला कायम करावं. आणि त्याखाली मी सही केली.

पहिल्या शेऱ्यावर महिन्याभरात केसरबाईची नोकरी गेली, तिला पाटोद्याला जावं लागलं. पण ते नंतरचं. त्या दुपारी साहेबांचा टांगा गेल्यावर मी उंबऱ्याबाहेरून तिला सगळं सांगितलं. सासू पोराला मांडीवर घेऊन बसली होती. केसरबाईचा हात होता तिथंच होता.

"कायम झालास?" तिनं विचारलं.

"झालो, बाई."

"मग साबन लावून हात धू आन आत ये. माझा हात बधिर झालाय."

मी हात धुतले आणि आत गेलो. तिनं माझा हात छबुबाईच्या पोटावर ठेवला, वरून आपला हात ठेवून कसं दाबायचं ते दाखवलं.

"हाताखाली पिशवीचा घट्ट गोळा लागला की सांग," ती म्हणाली. "तवर हलायचं न्हाई."