के-एनची पानं

बाबा बाइंडर होते. एकदा छापखान्यात शब्दकोशाची सोळा पानं डागाळली. मालक ती रद्दीत टाकायला निघाले, तर बाबा घरी घेऊन आले. त्यातली चार पानं निव्वळ के-एनने सुरू होणाऱ्या इंग्रजी शब्दांची. अर्थ मराठीत छापलेले, उच्चार मात्र कुठेच नव्हते.

चौथी शिकलेल्या माणसाने उच्चार स्वतःच ठरवले. रोज जेवण झालं की हात पुसून ते एक शब्द घ्यायचे. "क्नाइफ म्हणजे सुरी. क्नी म्हणजे गुडघा." आईसुद्धा आतून सांगायची, "ती क्नाइफ आण गं." तेव्हा मला किती ऐट वाटायची.

सातवीत वर्गात मी उभं राहून ठणठणीत आवाजात 'क्नी' वाचलं. "अगं, नी. के म्हणायचाच नसतो," म्हणत बाई हसल्या, मग सगळा वर्ग हसला, आणि वर्षभर माझं नावच क्नी पडलं. माझी जीभ तेव्हापासूनच तिखट. घरी येऊन दप्तर आपटलं आणि म्हणाले, "स्वतःला येत नाही तर शिकवता कशाला? लाज आणलीत मला."

बाबांनी पानं घडी करून उचलून ठेवली. त्यानंतर जेवण झालं की ते नुसतेच बसून राहायचे. माफी मागायची राहून गेली, ती राहूनच गेली. पुढे मी इंग्रजीचीच शिक्षिका झाले. दरवर्षी के-एनच्या शब्दांचा धडा आला की ते शब्द मी फळ्यावर नुसते लिहायचे, वाचायला मुलांना सांगायचे.

गेल्या आठवड्यात रंगकामासाठी बाबांचं कपाट रिकामं केलं. तळाशी ती पानं सापडली. बाबांनी कापडी पाठ लावून त्यांचं पुस्तक बांधलं होतं, अगदी बड्या गिऱ्हाइकाचं बांधावं तसं. आत प्रत्येक शब्दापुढे पेन्सिलीने खरा उच्चार लिहिलेला. शेवटी मी भांडले त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख, आणि खाली, "कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात विचारून लिहिले. पोरीला सांगायचे."

पुस्तक घेऊन गॅलरीत गेले. चौऱ्याऐंशी वर्षांचे बाबा ऊन खात बसले होते.

"सांगितलं का नाहीत मला?"

त्यांनी पुस्तकावरून हात फिरवला. "पुन्हा चुकलो असतो तर? तुझी भीती वाटायला लागली होती गं."

मला रडू आवरेना. "चुकले मी, बाबा. फार चुकले."

"असू दे. पोर होतीस."

त्या दिवशी जेवण झाल्यावर हात पुसून मी त्यांच्यासमोर बसले. "घ्या एक शब्द."

बाबांनी चष्मा लावला, पहिलं पान काढलं, ओळीवर बोट ठेवलं. "नाइफ," ते सावकाश म्हणाले, आणि बरोबर आलं का म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"आपल्या घरात क्नाइफ म्हणतात, बाबा," मी म्हणाले.