चारशे चंबू

व्योल्फेलची पहिली थप्पड बसली तेव्हा तपासनीस इर्मट्राउटने कागदावर ‘नापास’ लिहून पेनही खाली ठेवलं नव्हतं. काचभट्टीचा हा मुकादम म्हणजे नुसता माजलेला रेडा. दुसऱ्या थपडेत तिचा ओठ फाटला.

“चारशे चंबू नापास? डोळे फुटले का गं तुझे?”

“माझे नाही फुटले. लोथारचे फुटले.”

लोथार तिचा धाकटा भाऊ, शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. फेब्रुवारीत याच कारखान्याचा चंबू त्याच्या तोंडासमोर तडकला आणि उकळता कॉस्टिक सोडा दोन्ही डोळ्यांत गेला. काच भट्टीतून काढली की एक दिवस आणि एक रात्र हळूहळू निववायची असते. घाई केली की तिच्या पोटात ताण राहतो. नुसत्या डोळ्याला दिसत नाही, गरम कॉस्टिकला बरोबर सापडतो. काच फुंकणाऱ्या थुरिंगियाच्या या डोंगरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. व्योल्फेलने मात्र या चारशेंच्या वेळी तिमाहीचा आकडा गाठायला निववणीची भट्टी आठ तासांतच उघडली होती. इर्मट्राउटने सकाळी तीस चंबूंत कॉस्टिक उकळला, त्यातले अकरा तडकले.

“उद्या माल इस्पितळात जायचाय,” म्हणत त्याने टेबलावरचा ‘पास’चा शिक्का उचलला.

इर्मट्राउटने भट्टी ढवळायची लोखंडी सळई घेतली आणि चंबूंच्या पहिल्या पेटीवर घातली. काचा उडाल्या. त्याने तिचे केस धरून डोकं टेबलावर आपटलं, तिने सळई त्याच्या गुडघ्यावर हाणली. मुकादम कोलमडला तो तुकड्यांवरच, तळहात फाटले. तोवर पाळीवरचे सगळे कामगार फुंकनळ्या टाकून दारात जमले होते.

“माझी काच चांगली आहे!” तो ओरडला. चोराच्या उलट्या बोंबा!

“मग धरा की हातात,” इर्मट्राउट म्हणाली आणि चुलीवरचं उकळत्या कॉस्टिकचं भांडं तिने चिमट्याने उचललं.

कारखान्याचा हा जुना रिवाज. तपासणीचा निकाल ज्याला मान्य नसेल, त्याने आपला चंबू उघड्या हातात धरायचा आणि तपासनिसाने त्यात कॉस्टिक ओतायचा. व्योल्फेलने पेटीतून एक चंबू उचलला. रक्ताळल्या बोटांनी उजेडात फिरवून पाहिला. मग हळूच टेबलावर ठेवला.

“ठेवलान् गं बाई!” मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे खदखदून हसले.

ते हसणं त्याला सळईपेक्षा जास्त लागलं.

“हसा! पण फेब्रुवारीच्या मालावर शिक्का कुणी मारला, विचारा हिला! तेव्हाही आठच तासांचा माल होता, आणि हिला माहीत होतं!”

हसणं थांबलं. शिक्का मारेपर्यंत तो दोन तास तिच्या डोक्यावर उभा होता, नोकरी घालवीन म्हणत होता, हे खरं. पण हात तिचाच होता. गेले आठ महिने ती रोज लोथारला सूप भरवत होती आणि तोंड उघडत नव्हती.

पेट्यांत पेंढा भरणारी सीग्लिंड पुढे आली. सीग्लिंड लोथारची बायको.

“खरं आहे?”

“खरं आहे,” इर्मट्राउटने भांडं खाली ठेवलं.

“माझ्या घरात बसून त्याला भरवत होतीस... सटवे!”

सीग्लिंडने जमिनीवरची सळई उचलली आणि दोन्ही हातांनी तिच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. इर्मट्राउट गुडघ्यांवर आली. सळई पुन्हा वर गेली. व्योल्फेल पेट्यांना पाठ लावून पाहत होता, ओठांत हसत होता. सीग्लिंडचं लक्ष तिकडे गेलं.

“सरक,” ती त्याला म्हणाली.

तो सरकला नाही, तेव्हा सळई त्याच्या कोपरावर पडली, मग पेटीवर, मग पुढच्या पेटीवर. कुणी तिला अडवलं नाही. शिव्या देत, रडत ती फोडत राहिली. हाताशी असलेल्या पेट्या संपल्या तेव्हा इर्मट्राउटने लुळा हात छातीशी धरला आणि दुसऱ्या हाताने भिंतीकडची पेटी तिच्यापुढे ढकलली.