आतल्या संगणकाचा पत्ता

अंकिताने तिसऱ्यांदा दुसऱ्या संगणकाला 'आहेस का' विचारणारी पिंगची हाक टाइप केली आणि पडद्यावर लगेच उत्तराच्या चार ओळी उमटल्या. ती खुर्चीतच टुणकन उडाली. कुपवाडच्या या पंपाच्या कारखान्यात संगणक एकच होता, बाकीचे यायचे होते. पण तिने एका सीडीवरच्या प्रोग्रामने त्याच संगणकाच्या पोटात दुसरा, नुसता भासाचा संगणक उभा केला होता. दोघांना बोलतं करून दाखवलं, तर कारखान्याचं सगळं नेटवर्क जोडायचं काम तिचं. नाहीतर मालक लालासाहेब पुण्याहून माणूस आणणार होते. चार वाजता ते बघायला यायचे होते.

तिचे वडील नाथाजी मिरजेला डोळे तपासून फलटणला परतताना लेकीकडे थांबले होते. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त, उभी नोकरी वायरलेसवर गेलेली. त्यांनी त्या चार ओळींकडे बराच वेळ पाहिलं.

"आता आतल्याला गप्प कर," ते म्हणाले, "आन् मग हाक मार."

अंकिताने आतला संगणक बंद केला आणि हाक मारली. उत्तर आलं. तशाच चार ओळी.

"मग ह्यो बोलतोय कोन?"

तिने दोन्ही संगणकांचे पत्ते, म्हणजे नेटवर्कवरचे त्यांचे आकडे, तपासले. आकडा एकच होता, आणि तो तिनेच समजून-उमजून घातला होता. गावाकडे घरातल्या अकरा माणसांची पत्रं एकाच पत्त्यावर येतात, मग एका डब्यातल्या दोघांना दोन पत्ते कशाला? म्हणजे इतका वेळ बाहेरचा संगणक स्वतःलाच हाक मारून स्वतःच ओ देत होता. नाथाजी हसले नाहीत. एका छावणीत दोन सेट असले तरी दोघांना नावं वेगळी लागतात, नवी पोरं तिथंच फसायची, एवढंच त्यांनी सांगितलं.

तिने आतल्याला नवा आकडा दिला, तो बंद करून हाक मारली. उत्तर नाही. उत्तर न आल्याचा इतका आनंद तिला आयुष्यात झाला नव्हता. मग तो चालू केला. ओ आली. मध्ये वायर नाही, दुसरं यंत्र नाही, आणि तरी आतून कुणीतरी बोललं होतं. तिच्या अंगावर काटा आला.

लालासाहेब आले तेव्हा तिने मुद्दाम आतला संगणक बंद ठेवून हाक मारली. पडदा कोराच.

"म्हणजे जमलं नाही," ते घड्याळाकडे बघत म्हणाले.

"जमलंय, साहेब. तो झोपलाय म्हणून गप्प आहे. आता उठवते."

उठायला त्याला दोन मिनिटं लागली. लालासाहेब तोवर दारापर्यंत गेले होते. मग चार ओळी उमटल्या. ते परत आले, वाकून डब्याच्या मागे पाहिलं, टेबलाखाली पाहिलं.

"परत बंद कर," ते म्हणाले, यावेळी अगदी हळू.

तिने बंद केला. गप्प. चालू केला. ओ. कारखानाभर ऐकू जाईल असं बोलणारा तो माणूस, पुण्याच्या माणसाला नको म्हणून कळवतो, असं जवळजवळ कुजबुजत बाहेर गेला.

नाथाजी अजून पडद्याकडेच बघत होते.

"मी मारू का गं एक हाक?"

अंकिता खुर्चीवरून उठली. त्यांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत हाक लिहिली, शेवटची कळ दाबली, आणि वायरलेसवरच्या सवयीने तोंडातल्या तोंडात 'ओव्हर' म्हणून हात गुडघ्यांवर ठेवून ऐकायला थांबले.