माय मस्कतला जाते

माझा आता तिसरा पासपोर्ट चालू आहे. बऱ्हाणपूरच्या एका केळी निर्यात करणाऱ्या कंपनीत मी बारा वर्षांपासून नोकरीला आहे. माल समुद्रापलीकडे पोचला की कंटेनर उघडताना तिथं हजर राहायचं, केळं कसं निघालं ते पाहायचं आणि परत यायचं, हे माझं काम. दुबई, मस्कत, कुवेत, बसरा. एवढी शहरं पाहिली, पण उंच इमारती माझ्या फारशा लक्षात राहत नाहीत. मंडया राहतात. हमाल सगळीकडे एकाच तऱ्हेनं डोक्याला फडकं बांधतात आणि पहिला चहा उभ्यानंच पितात. आणि लक्षात राहतात त्या विमानतळावरच्या, सरहद्दीच्या नाक्यांवरच्या रांगा. काचेमागचा माणूस पासपोर्टची पानं सावकाश उलटायला लागला, की काही केलेलं नसतानाही माणूस अपराध्यासारखा उभा राहतो. मी अजूनही राहतो.

तापीपलीकडे जैनाबादला आमचं घर आहे आणि अडीच एकर केळी. वडील गेल्यापासून बाग मायच पाहते. मी परत आलो की हातपाय धुवायच्या आत तिचा प्रश्न ठरलेला.

"आपलं केळं तिथं कोण खातं रे?"

"लोक खातात, माय."

"कोणते लोक?"

मी बॅग उपसायला लागायचो. मागच्या वर्षी ती म्हणाली, "मले एकदा दाखव. गुडघे चालतात तोवर."

आधीही ती म्हणायची, तेव्हा मी "जाऊ, जाऊ" म्हणत दिवस ढकलले होते. खरं कारण तिला सांगितलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी एका नाक्यावर माझं नाव दुसऱ्या कुणाच्या तरी नावाशी जुळलं, म्हणून मला पाच तास एका खोलीत बसवून ठेवलं होतं. कुणी मारलं नाही, ओरडलं नाही. नुसतं बसवलं. बाहेर आल्यावर हॉटेलात जाऊन मी रडलो. तशा रांगेत मायला उभं करायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण यावेळी माझी बायको निशा म्हणाली, "तुम्ही नेणार नसाल तर मी नेते." मग कागदपत्रं सुरू झाली.

आधार कार्डावर ती द्रौपदीबाई होती, मतदान कार्डावर धुरपदाबाई. दोन्ही बाया एकच आहेत, असं लिहून द्यावं लागलं. पासपोर्ट आला तेव्हा ती फोटोकडे बघत बसली. "माहेरी मी धुरपी होते," म्हणाली. "सरकारनं पार द्रौपदी करून टाकली."

मस्कतच्या विमानतळावर मी तिच्या मागेच होतो. पण रांग फुटली, मला बाजूच्या काउंटरवर बोलावलं आणि माझं काम दोन मिनिटांत झालं. पाहतो तर माय अजून उभीच. काचेमागं डोक्याला रुमाल बांधलेली तरुण मुलगी होती. मायची बोटं यंत्रावर उमटत नव्हती. चाळीस वर्षं केळी तोडून, चिकानं आणि मातीनं बोटांवरच्या रेषा पुसून गेल्या होत्या. मी पुढं सरकलो, तर शिपायानं हात आडवा करून मला पिवळ्या रेघेमागं उभं केलं.

त्या पाच तासांची खोली माझ्या डोळ्यांपुढं आली. मायला ना इंग्रजी येत होतं, ना अरबी.

मायनं दोन्ही तळवे काचेपुढं उघडून धरले आणि बऱ्हाणपूरच्या हिंदीत म्हणाली, "बेटी, ये केले का चीक है. साबण से नहीं जाता."

मुलीनं आधी तळव्यांकडं पाहिलं, मग मायकडं. तिला थोडी हिंदी येत असावी. ती उठली, काउंटरला वळसा घालून बाहेर आली, ओल्या कागदानं मायचं एकेक बोट पुसलं, आपल्या मुठीत धरून चोळलं आणि वरून स्वतःचं बोट दाबून यंत्रावर टेकवलं. तिसऱ्या खेपेला यंत्रानं मानलं. शिक्का पडला.

माय माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "पोरगी चांगली होती. हात फार गार होते तिचे. एसीत बसवतात ना दिवसभर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडीत आमची खोकी उघडली. मायनं एक फणी उचलून हुंगली, देठ पाहिले, "जरा लवकर तोडलं," असं म्हणून ठेवून दिली. शेजारीच एक म्हातारा हातगाडीवाला रिकाम्या खोक्यावर बसून न्याहारी करत होता. एक केळं, एक रोटी. त्यानं केळं रोटीत गुंडाळलं आणि सावकाश खाल्लं. त्याचं खाऊन होईपर्यंत माय जागची हलली नाही.

परतताना मुंबईहून दिवसाची गाडी मिळाली. खिडकीबाहेर केळीच्या बागा सुरू झाल्यावर मायनं विचारलं, "तुले त्या रेघेमागं उभं केलं, तेव्हा तुझं तोंड काऊन पडलं होतं?"

मी तिला खोलीचं सगळं सांगितलं. पहिल्यांदाच, आणि पूर्ण. रावेर आलं, गेलं. तिचं माहेर तेच. मग ती म्हणाली, "मी इथूनच जैनाबादला आले. सोळा वर्षांची होते. इकडं महाराष्ट्र, तिकडं एमपी. कोणी कागद नाही मागितला. पण वर्षभर मलेबी असंच वाटे. भांडं जरी वाजलं तरी वाटे, आपलंच चुकलं."

"बाबांना सांगितलं होतं?"

"नाही रे. कोणालेच नाही. आता असं कर. रांगेत उभा राहिला की मले फोन लाव. मी काही विचारणार नाही. नुसतं बोलत बसू."

दोन महिन्यांनी मी बसऱ्याला गेलो. रांग लांब होती आणि पुढं कुणाची तरी चौकशी चालली होती. मी फोन लावला. माय बागेतच होती. केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापायला आलेल्या बायांना आज दुपारी तिनं मस्कतचं सगळं सांगितलं, म्हणाली, पण रोटीत केळं गुंडाळून खातात, हे त्यातल्या कोकिळाला काही केल्या पटेना. म्हणून मग तिनं तिथंच भाकरीत केळं गुंडाळून कोकिळाला खाऊ घातलं.

"आवडलं?" मी विचारलं.

"थोडं मीठ पाहिजे होतं म्हणे," माय म्हणाली. तेवढ्यात माझा नंबर आला.