ओलांडण्यासाठी आलेले

माझ्या शिवणाच्या दुकानासमोर सोमवारी सकाळी एक माणूस घडीची खुर्ची टाकून बसला. मांडीवर फळीला लावलेला कागद, हातात टकटक वाजणारं मोजणीचं यंत्र. रस्त्याकडे टक लावून बघायचा आणि बराच वेळ काहीच करायचा नाही. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची मला खोड आहे, ती मी कधी लपवलेली नाही. तरी दोन दिवस धीर धरला. बुधवारी एका कोटाची बाही उलटी जोडली गेली, तेव्हा कळलं की विचारल्याशिवाय आता हात चालणार नाही.

"नगरपालिकेतून आलोय," तो म्हणाला. "इथे पट्टे आणि सिग्नल हवा असा अर्ज आहे. किती लोक रस्ता ओलांडतात ते मोजतोय. दिवसाला चाळीस भरले पाहिजेत."

"आणि भरले किती?"

"काल सात. त्यातला एक कुत्र्यामागे धावत होता, पण त्यालाही धरलंय."

अर्ज आमच्या नगरसेवकांनी पुढे सरकवला होता. ते कशालाही 'बघू' म्हणतात, म्हणून गल्लीत त्यांना बघूसाहेब म्हणतात. पाच महिन्यांपूर्वी रस्ता रुंद झाला, मधला कठडा गेला, आणि तेव्हापासून गाड्या सुसाट सुटतात. जवळचा सिग्नल गाठायला पंधरा मिनिटांची पायपीट. मी मोजणीवाल्याला म्हटलं, "अहो, गाड्या थांबत नाहीत म्हणून कोणी ओलांडत नाही, आणि कोणी ओलांडत नाही म्हणून तुम्ही गाड्या थांबवणार नाही. ही कुठली तऱ्हा?"

"खरंय बाई. पण जे ओलांडतच नाहीत त्यांना मी कसं मोजू?"

मग जरा ओशाळून त्याने कागदाची कड दाखवली. तिथे पेन्सिलीचे बारीक ठिपके होते, शेजारी वेळ. काठापर्यंत येऊन, थांबून, परत गेलेली माणसं. "कामाचं नाही हे. रिकाम्या हाताला चाळा," तो म्हणाला. "काही जण तर रोजचे आहेत. या बघा, चार वाजताच्या आजी. तपकिरी स्वेटर, कापडी पिशवी. दहा-दहा मिनिटं उभ्या राहतात, मग घरी जातात."

तो तपकिरी स्वेटर मी स्वतः विणलेला होता. ती माझी आई.

आई आणि मावशीचं पाच महिन्यांपूर्वी बिनसलं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. मावशी रस्त्यापलीकडे, आमच्या अगदी समोरच्या इमारतीत राहते. आधी दोघी रोज भेटायच्या. मग एकदम, "तिचं नाव काढू नकोस," असं आई म्हणाली. मावशीला फोन केला तर ती म्हणाली, "तिला यायचं नाही, तर मी का जाऊ?" कशावरून भांडण, कोणीच सांगेना. मी आपली आईच्या बाजूने फुगून बसले आणि मावशीकडे जाणं सोडलं. आता मावशी महिनाअखेर इथलं घर सोडून मुलाकडे, दुसऱ्या शहरात चालली होती. इथे माझं कोण आहे, असं तिने शेजारणीला सांगितलं होतं. रस्ता रुंद झाला आणि भांडण झालं ते एकाच आठवड्यात, हे मी कधी जोडूनच पाहिलं नव्हतं. स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

संध्याकाळी आईला विचारलं, तर म्हणाली, "फिरायला जाते मी. तुला काय करायचंय?" आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

गुरुवारी मी तो फॉर्म नीट वाचायला मागितला. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक चिठ्ठीवर लिहितं तेच शिवायचं असतं, त्यामुळे शब्द वाचायची सवय आहे. रकान्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'रस्ता ओलांडण्यासाठी आलेले पादचारी'.

"आलेले," मी म्हटलं. "ओलांडलेले नाही."

मोजणीवाल्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बावीस वर्षं," तो हळूच म्हणाला. "बावीस वर्षं मी ओलांडलेले मोजतोय."

शुक्रवारी रस्ते समितीच्या बैठकीला आम्ही दोघं गेलो. अध्यक्षबाईंनी आधी ठिपक्यांना नाकच मुरडलं. मी रकान्याच्या डोक्यावरचे शब्द मोठ्याने वाचून दाखवले. कारकुनाने जुने कागद चाळले, सगळीकडे तोच शब्द. बघूसाहेबांनी तोंड उघडलं आणि सगळे हसायच्या तयारीत असताना ते म्हणाले, "ठिपके वाचा. नोंद होऊ दे."

मोजणीवाला एकसुरी आवाजात वाचत गेला. आमच्या बाजूचे झाले, मग समोरचे. "सकाळी अकरा. काठी घेतलेल्या बाई, हिरवी शाल. थांबल्या, परतल्या. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार."

दिवसाला बासष्ट भरले. दोन महिन्यांत सिग्नल लावायचं ठरलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ती हिरवी शाल होती. ती शाल मावशीची होती, आणि मावशी जायला दहा दिवस उरले होते.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत राहिली. मग तिने विचारलं, "अकराला?"

"अकराला."

"भांडलो म्हटलं की कोणी काही विचारत नाही गं," ती म्हणाली. "घाबरते म्हटलं असतं, तर तुम्ही मला घरात बसवलं असतं."

शनिवारी अकराला आई रस्त्याच्या काठावर उभी राहिली, मी तिच्या मागे. समोर मावशी आली. तिने आईला पाहिलं आणि वळून निघाली.

"ताई," आईने हाक मारली. मधून एक ट्रक गेला. मावशी थांबली आणि तिने कानामागे हात धरला. फुटपाथवर ओळखीचे चारजण होते, भाजीवाली होती, बघूसाहेबसुद्धा होते. आईने पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि जन्मात कधी ओरडली नव्हती एवढ्या मोठ्याने ओरडली, "मला भीती वाटते गं."

मावशी काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. मग तिचाही आवाज आला, बारीक, पण स्पष्ट. "मग आधी का नाही बोललीस? मला पण वाटते."

मी आईचा हात धरला आणि गाड्यांना हात दाखवत रस्त्यात उतरले.