पाठ झालेला तक्ता

सहा महिने पुरे व्हायच्या आत मी जन्मले. साडेसातशे ग्रॅम. दादा अजून मला ‘पाऊणकिलो’ म्हणतो आणि मी अजून त्याच्या अंगावर धावून जाते. त्या घाईपायी डावा डोळा तेव्हाच गेला. फुप्फुसं जिना चढताना कुरकुरतात. उजव्या डोळ्यातला पडदा लेसरनं कसाबसा जागेवर ठेवलाय. डॉक्टरांनी बजावलं होतं, ‘ठिणग्या चमकल्या किंवा कडेनं काळोख सरकायला लागला, तर त्याच दिवशी यायचं. उद्या नाही.’

ठिणग्या शुक्रवारी चमकल्या. आज मंगळवार होता.

बोलले नाही. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मालकांच्या हाताखाली सहा वर्षं घासल्यावर कालच मला स्वतःचं टेबल मिळालं होतं. आणि खरं सांगू? मरणाची घाबरले होते. तोंडातून काढलं नाही तर खरं होणार नाही, असला माझा शहाणपणा!

आमच्या घरी एक नेम आहे. मी चार वर्षांची असताना दवाखान्यातून अक्षरांचा तक्ता मिळाला, तो आईनं बोळाच्या टोकाला चिकटवला. रोज घराबाहेर पडण्याआधी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तो वाचायचा. ताप असो, परीक्षा असो, सुटका नाही.

“वाच,” आई म्हणाली.

खालून काळोख अर्ध्यावर चढला होता. वर पांढरा चौकोन दिसत होता, तेवढा मला पुरे होता.

“क. ग, म. प, र, ल. ट, न, व, ख.” घडाघडा म्हणून मी पर्स उचलली.

“शेवटची ओळ?”

“द, ब, ज, स, ह. झालं? उशीर होतोय मला.”

आईनं माझं मनगट धरलं, बोळाच्या टोकापर्यंत नेलं आणि माझा तळवा भिंतीवर टेकवला. हाताला कागद लागलाच नाही. तक्त्याखाली इतकी वर्षं झाकलेला रंग तेवढा पांढरा राहिला होता.

“काल संध्याकाळी काढून ठेवला मी,” आई म्हणाली. “चपला पायानं चाचपत होतीस. तेव्हाच ओळखलं मी.”

“आई, अगं, मालक...”

“खड्ड्यात गेले मालक! किती दिवस झाले?”

“आजच...”

“किती दिवस?”

“शुक्रवारपासून,” मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

दादानं गाडी काढली. डॉक्टरांनी डोळा तपासला. “पडदा सुटलाय. मधला भाग जेमतेम चिकटून आहे. लगेच आत घेऊ. पण तुमच्या फुप्फुसांना पूर्ण भूल झेपणार नाही, डोळ्यापुरतीच देतो. जाग्या राहाल. खोकला आला तर आधी सांगायचं. हललात तर सगळं संपलं.”

खोकला तर माझा जन्माचा सोबती! तोंडावर कापड पडलं आणि पाचव्या मिनिटाला घशात खवखव सुरू झाली. “डॉक्टर, येतोय,” मी म्हणाले. ते थांबले, मी खोकले, ते पुन्हा सुरू झाले. असं चार वेळा झालं. मधल्या वेळात मी तक्ता म्हणत होते. क. ग, म. प, र, ल. दुसरं काही आठवतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टर म्हणाले, “पडदा बसलाय. आत गॅस भरलाय, तो विरेपर्यंत काही आठवडे धूसरच दिसेल. नेमकं किती परत येईल, ते तेव्हाच कळेल.”

ते गेल्यावर आई समोर येऊन बसली.

“किती बोटं?”

समोर काहीतरी फिकट हललं. दोन म्हणावं, असं अगदी जिभेवर आलं होतं. तिला तेवढंच बरं वाटलं असतं.

“मोजता येत नाहीत गं. हात आहे, एवढंच कळतंय.”

“मूठ आहे,” आई म्हणाली. “बोटं दाखवलीच नव्हती मी.”

मग तीच मूठ तिनं माझ्या हातात दिली.